आत्मविश्वासाची वही आणि पाच माणसं

ऐरोली-महापेच्या आयटी पार्कात, वागळे इस्टेटच्या कारखान्यात किंवा बेलापूरच्या एखाद्या सीए फर्ममध्ये चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाला काम येत असतं. अडतं ते त्याच्या पुढे. मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की शब्द सुचत नाहीत, वरची जागा निघाली तरी अर्ज करायला मन धजावत नाही. सल्ला मात्र सगळीकडून एकच मिळतो: स्वतःवर विश्वास ठेव. तो ठेवायचा कसा, हे सांगणारं कोणी भेटत नाही.

त्या ‘कसा’साठी दोन गोष्टी लागतात. एक शंभर पानी वही आणि पाच माणसं. आपल्याला काय येतं याचा पुरावा वहीत साठतो, आणि तो पुरावा खरा आहे की नाही हे ती माणसं सांगतात. दोन्हींपैकी एकच असेल तर गाडी पुढे जात नाही. नुसत्या वहीने माणूस एकलकोंडा होतो, नुसत्या माणसांनी गप्पा होतात.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलं की ‘हे मला जमेल’ ही खात्री चार वाटांनी येते. सगळ्यात भक्कम वाट म्हणजे ते काम स्वतः पार पाडणं. दुसरी, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं. तिसरी, जाणत्या माणसाने ‘तुला जमेल’ म्हणणं. चौथी, त्या क्षणी छातीत होणाऱ्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो ती. पुष्कळ जण तिसऱ्या वाटेवरच थांबतात, भाषणं ऐकतात, व्हिडिओ पाहतात. नुसत्या शब्दांनी आलेली खात्री पहिल्या अपयशात उतरते, कारण तिच्यामागे हातून झालेलं काम नसतं. म्हणून सुरुवात पहिल्या वाटेने करायची.

वही कशी लिहायची

साधी लाँग बुक घ्या. कंपनीच्या लॅपटॉपवर ही नोंद ठेवू नका, नोकरी सुटली की लॅपटॉप जमा होतो आणि नोंदही त्याच्याबरोबर जाते. पान आडवं धरून पाच रकाने पाडा: तारीख, काम, माझा वाटा, आकडा, कोणाला माहीत. शुक्रवारी निघण्यापूर्वी वीस मिनिटं बसून आठवड्याच्या तीन नोंदी करायच्या. शनिवारी कारखाना चालू असेल तर शनिवारी. रविवारवर टाकलं की राहून जातं.

अकाउंट्समधल्या माणसाने ‘जीएसटीचं काम केलं’ असं लिहिलं, तर सहा महिन्यांनी त्या ओळीतून काहीच हाती लागणार नाही. नोंद अशी हवी (टूबी म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांचं जीएसटी पोर्टलवर येणारं विवरण): ‘टूबी आणि खरेदी रजिस्टरची जुळवणी. १४ तारखेला टूबी आलं, १७ ला काम पूर्ण. ४१२ बिलांपैकी ३७ जुळत नव्हती. ३१ मध्ये बिल नंबर चुकीचा टाकला होता, दुरुस्त केला. उरलेल्या ६ व्हेंडरनी बिल भरलंच नव्हतं, त्यांना मेल केला. कोणाला माहीत: सीनिअर मॅडम.’ रबाळ्यातल्या सीएनसी सेटरची, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन कामासाठी लावून देणाऱ्याची नोंद: ‘नवीन फिक्स्चरवर सेटिंगचा वेळ ५० मिनिटांवरून ३५ वर आला. पहिला पीस क्वालिटीने पास केला. कोणाला माहीत: कोणालाच नाही.’

शेवटचे दोन शब्द लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुढे यायचं आहे.

तिसरा रकाना सगळ्यांत अवघड जातो. आपल्याकडे स्वतःच्या कामाबद्दल बोलणं म्हणजे बढाई असं लहानपणापासून मनात बसलेलं असतं, त्यामुळे हात आपोआप ‘आम्ही केलं’ असं लिहितो. इथे ‘मी’ लिहायचं. किती बिलं तपासली आणि किती मिनिटं वाचवली हे लिहिण्यात बढाई नाही. ज्याने मदत केली त्याचं नाव त्याच ओळीत लिहा, म्हणजे दुसऱ्याचं श्रेय चुकूनही आपल्या खात्यात पडत नाही. ‘चांगलं’, ‘खूप’, ‘मेहनतीने’ हे शब्द टाळा आणि त्यांच्या जागी आकडा शोधा. आकडा नसेल तर फरक लिहा, म्हणजे आधी काय होतं आणि नंतर काय झालं. क्लायंटचं नाव, ड्रॉइंग नंबर, पॅन नंबर यातलं काहीही वहीत येऊ देऊ नका. ‘एक मोठी औषध कंपनी’ एवढं पुरतं.

फसलेल्या कामांची नोंद वहीच्या शेवटच्या पानापासून उलटी करायची. प्रत्येकीला तीन ओळी: काय फसलं, कशामुळे, पुढच्या वेळी वेगळं काय करणार. चौथी ओळ लिहायला लागलात की ती स्वतःला दोष देण्यातच जाते, म्हणून तीनवर थांबा.

वही बंद पडायची वेळ बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. नोंदी फार लांब होतात किंवा ‘या आठवड्यात विशेष काही झालंच नाही’ असं वाटतं. तेव्हा एकच नोंद करा, पण पान कोरं ठेवू नका. रोजच्या कामातही किंमत असते. सलग बारा आठवडे एकही डिस्पॅच चुकला नाही, हे बारा ओळी एकाखाली एक आल्या की दिसतं.

तीन महिन्यांनी बसून पूर्ण वही वाचा. जे काम पुन्हा पुन्हा आलं आहे आणि ज्याचा आकडा सुधारत गेला आहे, त्याला पेन्सिलने खूण करा. तुमचा जम कशात आहे ते तिथे कळतं, आणि पुष्कळदा ते तुमच्या पदाच्या नावापेक्षा निराळं निघतं. मग शेवटचा रकाना पाहा. ‘कोणालाच नाही’ जास्त वेळा आलं असेल, तर बढती का अडली आहे याचं बरंचसं उत्तर तुमच्या हातात आहे.

मीटिंगमध्ये तोंड उघडणं

मराठी माध्यमातून आलेल्या अनेक हुशार मुलामुलींचा आत्मविश्वास इंग्रजी मीटिंगमध्ये गळतो. काम त्यांनीच केलेलं असतं, सांगतो दुसरा. या अडचणीला पायऱ्या पाडाव्या लागतात. पायरी इतकी उंच हवी की दहापैकी सात वेळा जमेल. दहाही वेळा जमलं तर खात्री वाढत नाही, तीनच वेळा जमलं तर धीर सुटतो.

पहिले दोन आठवडे प्रत्येक मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारा, तोही आदल्या दिवशी लिहून ठेवलेला. पुढचे दोन आठवडे स्वतःच्या कामाबद्दल तीन वाक्यं बोला: काय झालं, काय अडलं, कोणाकडून कधीपर्यंत काय हवं. ही तीन वाक्यं मोठ्याने पाच वेळा म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं जिभेला वळण लावत नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दोन मिनिटांचा भाग मागून घ्या. कॉलवर समोरच्याचं कळलं नाही तर ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज’ आणि आपल्याला वेळ हवा असेल तर ‘गिव्ह मी अ मिनिट टु चेक’, ही दोन वाक्यं पाठच असू द्या. गप्प राहून नंतर चुकीचं काम करण्यापेक्षा पुन्हा विचारणं केव्हाही बरं. मीटिंगनंतर मुद्दे लिहून मेल करायचं काम आपणहून घ्या. लिहिताना विचार करायला वेळ मिळतो, आणि काय ठरलं हे सगळे तुमच्या मेलमध्ये शोधू लागतात.

बांडुरांची चौथी वाट इथे कामाला येते. ठाण्याला फलाट बदलून, ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत लोंबकळत ९:५५ ला घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरलात आणि १० ला कॉलवर बसलात, तर धडधड प्रवासाची असते पण मन ती भीतीची समजतं. महत्त्वाच्या मीटिंगच्या दिवशी एक-दोन गाड्या आधीची पकडा. पंधरा मिनिटं बसा, पाणी प्या, तीन वाक्यं वाचा. एवढ्याने आवाज स्थिर होतो.

‘जर-तर’चं वाक्य लिहून ठेवणं हाही चांगला उपाय आहे. पीटर गोलविट्झर यांच्या अभ्यासातून हे वारंवार दिसलं आहे की नुसतं ‘मी बोलणार’ ठरवण्यापेक्षा ‘अमुक घडलं की मी तमुक करणार’ असं ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं. उदाहरणार्थ: ‘जर मॅनेजरने “एनी अपडेट्स?” विचारलं, तर मी सगळ्यात आधी माईक चालू करणार.’

पाच माणसं कोणती

ही पाचही माणसं मित्र असायची गरज नाही. पहिलं, तुमच्याच कामात तुमच्या दोन-तीन वर्षं पुढे असलेलं. वीस वर्षं पुढे गेलेल्या साहेबांना सुरुवातीच्या अडचणी आठवत नाहीत, आणि बांडुरांची दुसरी वाटही ‘आपल्यासारखा’ माणूस दिसला तरच उघडते. दुसरं, बरोबरीचं, ज्याला तुमच्या रोजच्या कामाच्या खाचाखोचा माहीत आहेत. तिसरं, दुसऱ्या खात्यातलं: उत्पादनातल्या माणसाला खरेदीतलं, डेव्हलपरला टेस्टिंगमधलं. चौथं, कंपनीबाहेरचं, जुना सहकारी किंवा आयटीआय-डिप्लोमाच्या बॅचचं. पाचवं घरातलं.

चौथ्या माणसाकडे हमखास दुर्लक्ष होतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या निबंधात दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. कारण सरळ आहे: रोजच्या मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. तळोज्याला गेलेल्या जुन्या सहकाऱ्याला वर्षातून तीन-चारदा फोन करा, आणि काम नसताना करा. काम पडल्यावरच येणारा फोन लगेच ओळखू येतो.

घरच्या माणसाकडून कामाचा सल्ला मागू नका, वेळ मागा. ‘पुढचे तीन महिने मंगळवारी आणि गुरुवारी साडेआठ ते साडेनऊ मी अभ्यासाला बसणार, तेवढ्या वेळात बाळाचं तू बघशील का?’ इतकं नेमकं. आणि त्याच्या बदल्यात त्यांचा कोणता तास आपण सांभाळणार, तेही त्याच वेळी ठरवा. ज्या घरात स्वयंपाक, शाळा आणि सासू-सासऱ्यांची औषधं एकाच बाईच्या अंगावर आहेत, तिथे तिच्या करिअरचा प्रश्न आत्मविश्वासाच्या आधी या तासांचा असतो.

पहिल्या माणसाला विचारताना ‘मला गाइड करा’ म्हणू नका. त्यात किती वेळ जाणार ते कळत नाही, म्हणून माणूस ‘हो, बघू’ म्हणतो आणि तिथेच संपतं. असं लिहा: ‘सर, मी पुढच्या महिन्यात टीम लीडच्या जागेसाठी अर्ज करतोय. माझ्या कामाचं एक पान लिहून तयार आहे. बुधवारी किंवा गुरुवारी जेवणानंतर वीस मिनिटं मिळतील का? त्यातले दोन मुद्दे मला पटवून सांगता येत नाहीयेत, ते तुम्हाला दाखवायचे आहेत.’ शॉप फ्लोअरवर ‘सर’च्या जागी ‘दादा’ येईल आणि मेलऐवजी चहाच्या सुट्टीत बोलणं होईल, मजकूर तोच. भेटीनंतर आठवड्याभरात त्या सल्ल्याचं काय केलं ते दोन ओळींत कळवा. दुसऱ्यांदा वेळ मिळतो तो या दोन ओळींमुळे.

पंधरा दिवसांची बैठक

वरच्या दुसऱ्या माणसासारख्या बरोबरीच्या चौघांनी (तुम्ही धरून) पंधरा दिवसांतून एकदा भेटावं. चारांहून जास्त झाले की कोणीतरी नुसतं ऐकत बसतं. शिफ्ट जुळत नसतील तर फोनवर, जुळत असतील तर रविवारी सकाळी उपवनला किंवा वाशीच्या सागर विहारला. एकूण पाऊण तास. प्रत्येकाला दहा मिनिटं: दोन मिनिटं वहीतली एक नोंद वाचायची, एक मिनिट अडचण सांगायची, पाच मिनिटं बाकीच्यांनी बोलायचं, शेवटची दोन मिनिटं ‘पुढच्या वेळेपर्यंत मी काय करणार’ हे तारखेसह लिहायला. घड्याळ एकाकडे द्या आणि दर वेळी माणूस बदला. उरलेल्या पाच मिनिटांत पुढची तारीख ठरवूनच उठायचं.

अडचण सांगणाऱ्याने आधीच सांगावं: सल्ला हवा आहे की फक्त ऐकून घ्यायचं आहे. हा एक प्रश्न न विचारल्याने पुष्कळ मनं दुखावतात. ऐकणाऱ्यांनी पहिली दोन मिनिटं प्रश्नच विचारायचे, उपाय सांगायचा नाही. आणि कौतुक करायचं तर कामाचं नाव घेऊन: ‘तू भारीच आहेस’ने काही होत नाही, ‘त्या कस्टमरला तू आधी वाईट बातमी सांगितलीस म्हणून तो थांबला’ हे ऐकणाऱ्याच्या वहीत जातं.

गट मोडण्याची कारणं ठरलेली आहेत. एकजण दर वेळी आपलीच कहाणी लावतो, म्हणून घड्याळ. बैठक साहेबांच्या निंदेवर घसरते, म्हणून ‘यात माझ्या हातात काय आहे?’ हा प्रश्न. एखाद्याची गोष्ट त्याच्या ऑफिसात पोहोचते, तेव्हा गट तिथेच थांबवलेला बरा. आणि कोणी विम्याची पॉलिसी, ‘साइड इन्कम’ची स्कीम किंवा भिशी घेऊन आलं, तर पहिल्याच दिवशी स्पष्ट नाही म्हणा. पैशाचा व्यवहार शिरला की मोकळेपणाने बोलणं थांबतं.

तुमच्या हाताखाली माणसं असतील तर

हार्वर्डच्या एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलट निघाले, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. त्याचा उलगडा असा झाला की त्या टीममध्ये लोक चुका लपवत नव्हते. १९९९ साली त्यांनी हीच गोष्ट नीट मांडली: जिथे चूक सांगितल्यावर अपमान होत नाही, तिथली टीम शिकते.

हे वातावरण घोषणेने येत नाही, पहिली वाईट बातमी आल्यावर तुम्ही काय करता त्यावरून ठरतं. शिफ्ट बदलताना ‘काही प्रॉब्लेम?’ विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं, तेच सोपं असतं. ‘आज कुठे अडलं?’ विचारा. कोणी सांगितलं की आधी ‘बरं झालं आत्ताच सांगितलंस’, मग ‘माल कुठे थांबवायचा?’, आणि कोणामुळे झालं हा प्रश्न सगळ्यात शेवटी, एकट्याला बाजूला घेऊन. पॅकिंग लाइनवर चुकीचा बॅच नंबर छापला गेला तर दहाव्या मिनिटाला कळणं आणि गाडी सुटल्यावर कळणं यात लाखोंचा फरक पडू शकतो. तो फरक ऑपरेटरला तुमची भीती वाटते की नाही यावर ठरतो.

कामाची वाटणी नावाने करा. फ्रान्सचे कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमान यांनी दोर ओढण्याच्या प्रयोगांत पाहिलं की माणसं वाढवली की प्रत्येकाचा जोर घटत जातो. ‘आपण हे करून टाकू’ असं ठरलेलं काम कोणीच करत नाही. बोर्डवर प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि एकच तारीख हवी. दोन नावं लिहिली तर ते काम दोघांपैकी कोणाचंच राहत नाही. नवीन मुलाला पहिल्या महिन्यात असं एक पूर्ण काम द्या जे लहान आहे पण शेवटपर्यंत त्याचंच आहे. नुसती मदतनिशी करून कोणाच्याच वहीत नोंद पडत नाही.

अप्रेझल

अप्रेझलच्या, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाच्या चर्चेच्या दोन आठवडे आधी वहीतून एक पान तयार करा. त्यात तीन कामं, प्रत्येकाचा एक आकडा, आणि शेवटी एक मागणी. वर्षभराच्या तीस गोष्टी लिहिल्या तर साहेबांच्या एकही लक्षात राहत नाही. बोलताना शब्द साधे ठेवा: ‘मॅडम, या वर्षी ही तीन कामं मी पूर्ण सांभाळली. पुढच्या वर्षी मला सीनिअरची जबाबदारी हवी आहे. त्यासाठी अजून काय दिसायला हवं?’ मग थांबा. शांतता अवघड वाटून आपणच ‘म्हणजे, नाही जमलं तरी चालेल’ म्हणण्याची सवय घातक आहे, तिथेच मागणी पडते. नकार आला तर काय हवं आणि पुन्हा कधी बोलायचं ते विचारा, आणि संध्याकाळपर्यंत दोन ओळींचा मेल पाठवा. तारीख न देणारा नकार दोनदा आला, तर बाहेर बघायला सुरुवात करा.

काही अडचणींवर वही आणि बैठक चालत नाही, आणि तिथे ‘तुझाच आत्मविश्वास कमी आहे’ म्हणणं अन्यायाचं आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होत असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. झोप उडाली असेल, रोज सकाळी कामावर जायच्या विचारानेच रडू येत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा, मराठीतही बोलता येतं.

नोकरी बदलताना पाचपैकी दोन-तीन माणसं सुटतात. राजीनामा दिल्यावर नोटीसच्या काळातच त्यांचे खासगी नंबर घ्या, आणि निघण्याआधी प्रत्येकाला त्याने नेमकी कोणती मदत केली ते वहीतून तारीख पाहून सांगा. नव्या जागी पहिले तीस दिवस नवीन माणसं निवडायची घाई नको. कोण प्रश्नाला सरळ उत्तर देतं आणि कोण दुसऱ्याच्या मागे चांगलं बोलतं, एवढं पाहत राहा. एकतिसाव्या दिवशी त्यातल्या एकाकडे वीस मिनिटं मागा.